पैलवानाच्या छातीतला डाग

१

पैलवानाच्या छातीत डाग निघाला, ही बातमी कॅम्पात आली तेव्हा आधी सगळे हसले. मेसचा आचारी ज्याला तिसऱ्यांदा वाढताना हात आखडता घेतो, गेटवर बंद पडलेली जीप जो एकट्यानं ढकलून कडेला लावतो, त्याला म्हणे क्षय! "अहो, त्याला बघून मशीनच दचकलं असेल," असंही कुणीतरी म्हणालं. पण कॅम्प-बॉसनं लाल शिक्क्याचा कागद दारावर चिकटवला आणि हसणं जागच्या जागी विरलं. कागदावर 'अनफिट' असं लिहिलेलं होतं.

ही सगळी माणसं एका खासगी सुरक्षा कंपनीची. परमुलखात येऊन तेलाच्या टाक्या, गोदामं, इस्पितळं, अशी दुसऱ्यांची दारं राखायची हे त्यांचं काम. जुन्या कंपनीचं कंत्राट संपलं, नवी आली, आणि एका सहीसरशी सगळ्यांचे व्हिसा बाद झाले. माणसं तीच, गेटं तीच, गणवेशावरचा बिल्ला तेवढा बदलला. पण सरकारच्या लेखी ते आता कुणीच नव्हते. पासपोर्ट कॅम्प-बॉसच्या कपाटात पडून होते. कंपनीच्या गाडीतून ड्यूटीवर जायचं आणि गाडीतूनच परत यायचं. मध्ये कुठे पाय खाली ठेवला आणि पोलिसानं हटकलं, तर थेट कोठडी. नवा शिक्का हवा असेल तर रक्त तपासायचं आणि छातीचा फोटो काढायचा.

"डाग म्हणजे डाग," कॅम्प-बॉस म्हणाला. "फेरतपासणी नाही, औषध नाही. परवाचं तिकीट काढलंय. आणि पुन्हा जन्मात या देशात पाय नाही. तो गेला की तुमच्या सगळ्यांच्या फाइली पुढे सरकतील. तोपर्यंत गठ्ठा अडलाय."

पैलवानाला मेसमागच्या कोठीत ठेवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांना कड्या घालणारा माणूस, आज त्याच्याच दाराला बाहेरून कडी होती.

ताई धावत आली ती थेट कोठीच्या जाळीपाशी. ती पैलवानाची थोरली बहीण. त्याच कंपनीत होती, इस्पितळाच्या बायकांच्या गेटवर पर्सा तपासायची. पैलवान ताई म्हणायचा म्हणून सगळा कॅम्प तिला ताई म्हणे. तिचा नवराही इथलाच गार्ड. पैलवान त्याला दाजी म्हणायचा म्हणून तो सगळ्यांचाच दाजी झाला होता.

"ताई, मला काही होत नाहीये गं," पैलवान जाळीला नाक लावून म्हणाला. "भूकसुद्धा लागते."

"ते दिसतंय. फोटो दिला का तुझ्याकडे?"

त्यानं जाळीखालच्या फटीतून काळी फिल्म सरकवली. ताईनं ती उन्हासमोर धरली. डाव्या बाजूला वर, कापसाचा बोळा चिकटवावा तसा पांढरा डाग दिसत होता. मग तिची नजर डागावरून वर सरकली, गळ्याखालच्या दोन आडव्या हाडांवर. ती बराच वेळ तिथंच थांबली.

"काय बघतेयस?" पैलवानानं विचारलं.

"सदरा बाजूला कर. गळ्याखालचं हाड दाखव."

तिनं फिल्म खाली घेतली. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अरे, हा तू नाहीसच."

२

पैलवान आयुष्यातली पहिली कुस्ती हरला तीच मुळी हाड मोडून. गळ्याखालचं ते हसळीचं हाड गावातल्या माणसानं घाईनं बांधलं आणि ते वाकडंच जुळलं. सुपारीएवढी गाठ कायमची राहिली. महिनाभर आंघोळ ताईनंच घातली होती त्याला. त्या गाठीवरून बोट फिरवलं की तो ओरडायचा, म्हणून ती मुद्दाम फिरवायची. फिल्ममधली दोन्ही हाडं काठीसारखी सरळ होती.

छातीचे फोटो तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई ताईच्याच इस्पितळात होत्या. त्यांची पर्स रोज ताईच उघडून बघायची. बाईंना ताईची भाषा तोडकीमोडकी यायची, ताईला त्यांची. त्यामुळे दोघींचं बरं जमायचं. बाईंनी ताईनं मोबाइलवर आणलेले पैलवानाच्या गळ्याचे फोटो पाहिले, फिल्म काचेच्या दिव्यावर लावली आणि चष्मा काढला.

"तुझं बरोबर आहे. ही हाडं कधी मोडलेलीच नाहीत."

"मग सोडा ना त्याला."

"इतकं सोपं असतं तर!" बाई म्हणाल्या. "त्याच्या नंबरावर ही फिल्म आहे. म्हणजे त्याची फिल्म दुसऱ्या कुणाच्या नंबरावर गेलीय, आणि तो दुसरा कागदावर धडधाकट ठरलाय. तक्रार केलीस तर मला एक फाइल उघडता येते. एकच. नाव तुला द्यावं लागेल. नाव चुकलं तर तक्रार बंद, आणि खोटी तक्रार म्हणून तुझ्याही व्हिसावर शेरा."

ताईनं फिल्म दिव्यावरून काढायला हात पुढे केला.

"आणि एक लक्षात ठेव," बाई फिल्मवरच्या डागावर बोट ठेवून म्हणाल्या. "हा माणूस तुमच्याच कॅम्पात हिंडतोय, तुमच्याच खोल्यांत झोपतोय. औषध मिळालं तर खडखडीत बरा होईल. नाही मिळालं तर स्वतः जाईल आणि जाताना चार जणांना घेऊन जाईल."

३

तपासणीला गाडी चार-चार जणांना नेत असे. पैलवानाबरोबर फौजी, मास्तर आणि दाजी होते.

"सगळं सांग," ताई जाळीपाशी बसली. "पहिल्यापासून."

पैलवान लाजला. एवढा थोरला गडी, पण सुईचं नाव काढलं की पोटात गोळा! "रक्त दिलं तोवर ठीक होतं. मग फोटोसाठी कपडे काढून त्यांचा तो कागदी अंगरखा घातला आणि बाकावर बसलो. टोकन मुठीत घट्ट धरलं होतं. समोरच्या माणसाच्या दंडातून रक्त निघताना दिसलं आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली."

"पडलास?"

"आडवाच. शुद्धीवर आलो तेव्हा फौजीनं पाय वर धरले होते. डोकं दाजींच्या मांडीवर होतं. मास्तरांनी पाणी आणलं, ते निम्मं स्वतःच्याच नव्या बिल्ल्यावर सांडलं. मी मरतोय आणि हे रुमालानं बिल्ला पुसतायत! मग कुणीतरी टोकन हातात कोंबलं, म्हणालं, ऊठ, तुझा नंबर आलाय."

"कुणी कोंबलं?"

"ताई, तेव्हा तू विचारलं असतंस ना, तर मला माझं नावही सांगता आलं नसतं."

टोकनं सगळी एकसारखी, निळी, आणि त्यांवरचे आकडे इथल्या लिपीत. पैलवानाला ते वाचता येत नव्हते. हातात दुसऱ्याचं टोकन आलं तरी त्याला काय कळणार?

संध्याकाळी ताई पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर गेली. बायकांच्या आणि पुरुषांच्या बराकी वेगळ्या. नवरा-बायकोची भेट व्हायची ती इथेच. दाजी बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले होते, आपला स्टीलचा पेला हातात घेऊन. गेले काही दिवस त्यांचं हे असंच चाललं होतं. पूर्वी एका कपातला चहा दोघं प्यायचे. पण दाजींनी तिला लेकीपाशी घरी परत जायला सांगितलं आणि ती म्हणाली, गेलो तर दोघं जाऊ. तेव्हापासून स्वारी रुसलेली. ताईनंही समजूत काढली नव्हती.

तिनं सगळं सांगितलं. दाजी ऐकत राहिले.

"वाकडं हाड," ते हळूच म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

"आता फौजी की मास्तर, एवढंच शोधायचंय."

"आणि सापडला की त्याला त्या कोठीत घालायचं? एकाला बाहेर काढायला दुसऱ्याला आत?"

"अहो, तो आजारी आहे!"

"म्हणूनच म्हणतो." दाजी उठले. "कुणाचं नाव तोंडातून काढशील ते जपून काढ. परत घेता येत नाही."

४

फौजी तडकलाच. तो सैन्यातून निवृत्त झालेला, या तुकडीचा सुपरवायझर.

"ताई, तुझ्या भावापायी सगळ्यांचे शिक्के अडलेत! माझी म्हातारी तिकडे अंथरुणाला खिळलीय आणि मला सुटीवर जाता येत नाही. जाऊ दे ना त्याला. तरुण आहे, कुठेही पोट भरेल."

"फौजी, तुमच्या पाठीत बॉम्बच्या कपच्या आहेत म्हणता. खरंच आहेत?"

"म्हणजे? मी थापा मारतो?"

ताईनं कमरेचं धातू शोधायचं दांडकं काढलं. दिवसभर ती बायकांच्या अंगावरून फिरवायची तेच. "पाठ करा."

जेवणाच्या रांगेतले सगळे मान वळवून बघू लागले. दांडकं फौजीच्या खांद्यांवरून खाली उतरलं, आणि पाठीच्या डाव्या फऱ्यापाशी किंचाळलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा किंचाळलं.

"झालं समाधान?" फौजी सदरा खोचत म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं सांभाळतोय, बायकोपेक्षा जुनं आहे ते."

ताईला हसू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. फिल्मवर धातूचा एक कणही नव्हता. ती छाती फौजीची नव्हती.

"तुम्हीच सांगा, तिथं टोकनांचं कसं काय होतं?"

"फोटोच्या खोलीच्या दारातच काढून घेतात. फोटो निघाला की कागदी अंगरखा पेटीत टाकायचा, आपले कपडे चढवायचे आणि गाडीची वाट बघत बसायचं. बस."

राहिले मास्तर. एके काळी शाळेत कवायत शिकवायचे. कॅम्पात इथली लिपी वाचणारे ते एकटेच. ताई त्यांच्या खोलीच्या दारात पोचायच्या आधीच त्यांचा खोकला तिच्यापर्यंत पोचला.

"मला माहितेय तू का आलीस," मास्तर म्हणाले. "खोकतो तो चोर, हेच ना? अगं, सिमेंटच्या गोदामावर चार वर्षं काढली की तूही खोकशील. डॉक्टरांनी तपासून सोडलंय मला."

"टोकनावरचे आकडे तुम्हाला वाचता येतात."

"येतात. तुमच्या सगळ्यांचे व्हिसाचे कागद वाचून दाखवतो, तेव्हा मी देवमाणूस असतो. आज त्याच वाचण्यावरून संशय?" त्यांचा आवाज चिरकला आणि पुन्हा उबळ आली. "खोलीत सगळ्यांना माझी किळस. तुझा नवरासुद्धा तोंडाला फडकं बांधून झोपतो. धुळीसाठी म्हणे! मला काय कळत नाही?"

ताईनं मान खाली घातली. वाईट वाटत होतं, पण हिशेब सरळ होता. पैलवान नाही, फौजी नाही. उरलं कोण? तिला रात्रभर झोप लागली नाही. मास्तरांनीच तिच्या लेकीकडून फोनवर पाढे म्हणून घेतले होते.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी तक्रारीचा कागद पुढे ओढला.

"नाव?"

ताईनं तोंड उघडलं. बाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर तपासणीसाठी आलेल्या कुठल्याशा कंपनीची माणसं बाकावर बसली होती. सगळी कागदी अंगरख्यात. पोरंसोरं न्हाव्याकडे बसतात तशी, खांदे पाडून. फोटोच्या खोलीतून एक जण बाहेर आला. तो तेवढा पूर्ण कपड्यांत होता, सदऱ्याची बटणं लावत होता. छातीवर त्याच्या कंपनीचा बिल्ला चमकत होता.

ताई त्या बिल्ल्याकडे बघतच राहिली.

मास्तरांनी पाणी स्वतःच्या बिल्ल्यावर सांडलं होतं. बिल्ला होता, म्हणजे अंगात गणवेश होता. गणवेश होता, म्हणजे फोटो काढून झाला होता. पैलवान पडला तेव्हा मास्तरांचं टोकन केव्हाच दारात जमा झालेलं होतं. त्यांच्यापाशी बदलायला टोकनच नव्हतं.

"नाव सांग," बाई म्हणाल्या. "मला पुढची माणसं आहेत."

चार माणसं गेली होती. ताईनं पहिल्यापासून तीनच मोजली होती. चौथ्याला मोजायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. स्वतःचा वेगळा पेला. बाकाचं दुसरं टोक. तोंडाला बांधलेलं फडकं. लेकीपाशी घरी जा, म्हणून धरलेला हट्ट. ज्याला ती रुसवा समजत होती तो रुसवा नव्हताच.

तिनं तक्रारीचा कागद बाईंकडे परत सरकवला.

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली. "विमान उद्या दुपारचं आहे. सकाळी नक्की सांगते."

६

दाजी बाकावर होते, नेहमीच्या टोकाला. ताई या खेपेला उभीच राहिली.

"कधीपासून?"

दाजींनी काय म्हणून विचारलं नाही. पेला खाली ठेवला.

"पावसाळ्याआधी. एकदा रुमालात रक्त दिसलं. मग अधूनमधून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू इथंच राहून माझी सेवा करत बसली असतीस. म्हणून घरी जा म्हणत होतो."

"पैलवानाचं टोकन..."

"ठरवून नाही गं. लेकीची शपथ. तो पडला, त्याचं टोकन माझ्या पायाशी घरंगळलं. माझं माझ्या हातात होतं. दोन्ही सारखी दिसली आणि..." ते थांबले. "मला वाटलं, याच्याकडे बघूनच ते म्हणतील, चूक झाली, पुन्हा काढू या फोटो. दुसऱ्या खेपेला याचा स्वच्छ येईल. तोवर माझा शिक्का पडलेला असेल. कुणाचंच काही जाणार नाही. फेरतपासणी नसते हे कॅम्प-बॉसनं सांगितलं तेव्हा कळलं."

"कळल्यावर तरी बोलायचं!"

"कालपासून कितीदा ठरवलं. कोठीपर्यंत गेलोही. पैलवान आतून विचारायचा, दाजी, जेवलात का? की पुढे तोंड उघडायचं नाही." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "इथून परत गेलो की काय आहे माझ्यापाशी? वीस वर्षं दारात उभं राहण्यापलीकडे मला येतं काय?"

ताईला त्यांच्याजवळ बसायचं होतं आणि त्यांच्या थोबाडीतही मारायची होती. दोन्हीतलं तिनं काहीच केलं नाही.

"मला लांब ठेवलंत. आणि खोलीतल्या बाकीच्यांना? मास्तर आधीच खोकतात. उद्या त्यांना लागलं तर आपण काय म्हणणार, सिमेंट?"

दाजींनी पेला उचलून आणखी लांब ठेवला.

"माझ्या पाठच्या भावाला मी हातानं विमानात बसवू शकत नाही. आणि तुमचं नाव मी माझ्या तोंडानं घेतलं तर ते जन्मभर माझ्या जिभेवर राहील. सकाळच्या गाडीनं मी जाणार आहे. तुम्ही आलात तर बोलणारे तुम्ही. नाही आलात तर मी."

ती वळली. मागून हाक येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही.

७

सकाळी दाजी गाडीपाशी नव्हते. फौजीनं शिटी मारली, गाडी सुटली. ताई खिडकीला डोकं टेकून बसली आणि मनातल्या मनात ते नाव एकदा उच्चारून बघितलं. लग्नात उखाणा घेतल्यावर तिनं ते कधी मोठ्यानं घेतलंच नव्हतं.

कॅम्पाच्या बाहेरच्या गेटवर दाजींची ड्यूटी होती. गाडी आडव्या दांड्यापाशी थांबली. दाजींनी आतल्या माणसांची नेहमीसारखी मोजणी केली. ताईवर नजर आली तेव्हा ती क्षणभरच थांबली. मग त्यांनी दांडा वर केला, गळ्यातली शिटी काढून जोडीदाराच्या हातात दिली आणि स्वतः गाडीत चढले. सगळ्यांत मागच्या सीटवर जाऊन बसले आणि खिडकी पूर्ण उघडली.

"दाजी, कुठं निघालात?" फौजीनं विचारलं.

"फोटो काढायला," दाजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, ते दाजींनीच सांगितलं. फाइल उघडली. दिव्यावर लागलेली छाती रुंद होती, स्वच्छ होती, आणि हसळीच्या हाडावर सुपारीएवढी गाठ होती. बाईंनी सहीला पेन उचललं, दाजींकडे पाहिलं, मग ताईकडे.

"हे तुझे कोण?"

"माझे मिस्टर," ताई म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. सही करायच्या आधी त्यांनी एका कोऱ्या कागदावर गोळ्यांची नावं लिहून दिली, मोठ्या अक्षरांत, आणि खाली रेघ ओढली. दाजींच्या खोलीतल्या सगळ्यांना आणि ताईलाही तपासून घेतलं. सगळे स्वच्छ निघाले, मास्तरसुद्धा. ताई त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. मीही माझ्यावर संशय घेतला असता," आणि खोकत आत गेले.

पैलवान सुटला आणि दाजी कोठीत गेले. गार्ड कमी पडत होते. त्या दारावर कॅम्प-बॉसनं पैलवानालाच उभं केलं. नवा शिक्का पडलेला, नवा बिल्ला लावलेला पैलवान दिवसभर दाराकडे पाठ करून उभा होता. दाजींनी आतून दोनदा हाक मारली, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताईनं जेवण आणलं ते त्यानं फटीतून आत सरकवलं आणि पुन्हा पाठ केली.

ताईच्याही पासपोर्टवर शिक्का बसला. पुरत्या दोन वर्षांचा करार. मध्येच सोडून जायचं तर कंपनीची परवानगी, आणि ती मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला राहायचं तर राहता येत नाही, आणि तिला जायचं तर सोडता येत नाही.

न्यायला गाडी आली. कॅम्प-बॉसनं पासपोर्ट दाजींच्या हातात न देता ड्रायव्हरच्या हातात दिला. तोंडावर फडकं बांधलेले दाजी पायरीवर थांबले.

"पोरीला काय सांगू?"

"बाबा आजारी होते म्हणून घरी आले, एवढंच सांगा. पुढचं मी आल्यावर दोघं मिळून सांगू."

"तोवर थांबशील ना? म्हणजे... माझ्यासाठी?"

"गोळ्या वेळेवर घ्या," ताई म्हणाली. याहून जास्त बोलली असती तर रडली असती.

गाडी सुरू झाली. तोच पैलवान दारावरची जागा सोडून धावत आला. ड्रायव्हर घाबरून थांबला. एवढा माणूस अंगावर आला तर कुणीही थांबेल. पैलवानानं उघड्या खिडकीत दोन्ही हात रोवले. त्याचे डोळे लाल झाले होते.

"दाजी, मला तुमच्याशी भांडायचंय," तो म्हणाला. "लई भांडायचंय. पण आजारी माणसाशी भांडता येत नाही मला. तेव्हा आधी बरे व्हा. मुकाट्यानं सगळ्या गोळ्या घ्या, वजन वाढवा. दोन वर्षांनी मी येतो आणि मग बघतो तुमच्याकडे."

दाजींनी मान हलवली.

पैलवान बाजूला झाला. गाडी गेटातून बाहेर पडून गोदामांच्या रस्त्याला वळली. ताई धूळ बसेपर्यंत उभी राहिली. मग तिच्या शिफ्टची गाडी आली. पैलवानानं तिची पिशवी उचलून आत ठेवली आणि बहिणीशेजारी जागा नसताना कशीबशी करून बसला.